डाव्या हाताचा क्लच

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे. हे मला मुद्दाम सांगावे लागते, कारण आता माझ्याकडे बघून ते कुणाला खरे वाटत नाही. माझा रंग लालभडक आहे, चाकांवर सोनेरी रेघ आहे, बॉनेटवर पितळी पट्टी आहे. रस्त्याने जाणारे लोक माझ्यापाशी गाडी हळू करतात, काही जण उतरून फोटो काढतात. शाळा सुटल्यावर तुम्ही माझ्या चौथऱ्याभोवतीची साखळी हलवून बघता, तेही मला दिसते. "काय मस्त ठेवलाय रे!" असे तुमच्यातला एक जण परवा म्हणाला. ठेवलाय हे अगदी खरे आहे. माझ्या टाकीत डिझेल नाही, इंजिनात तेल नाही, आणि मागची दोन्ही चाके सिमेंटात रोवलेल्या लोखंडी पट्ट्यांनी आवळून टाकली आहेत. मी कुठे पळून जाणार होतो, देव जाणे.

माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगतो. कुणी काळजी घेतली नाही, मग मी गंजलो, मग रडलो, असे काही तुम्हाला अपेक्षित असेल. तसेही झाले, पण ते दुःख मी केव्हाच गिळले होते. माझे खरे वाटोळे झाले ते माझी काळजी घेतली तेव्हा. ते कसे, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

याच रस्त्याच्या कडेला एक वेल्डर होता. पत्र्याचे छप्पर, मातीची जमीन, एक ऐरण, एक वेल्डिंगचे मशीन आणि कोपऱ्यात लोकांनी टाकून दिलेल्या लोखंडाचा ढीग, एवढेच त्याचे दुकान. फाटकांच्या बिजागऱ्या आणि पंपांचे सांगाडे जोडून देणे हा त्याचा धंदा. त्याला एकच मोठी बहीण. तो तिला ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणतो. लहानपणी तापात ताईचा डावा पाय गेला. गेला म्हणजे जागेवर होता, पण काडीसारखा बारीक, गुडघ्यात न वाकणारा आणि जोर नसलेला. ती काखेत कुबडी घेऊन चाले. गावात तिला पाठीमागे काय म्हणत ते मी सांगत नाही. तुम्हाला तो शब्द ठाऊक असेलच आणि तुमच्यापैकी कुणी तो वापरलाही असेल.

आईवडील गेल्यावर या दोघांच्या वाट्याला जमिनीचे दोन तुकडे आले. एक घरामागे, दुसरा टेकाडापलीकडे. त्या पलीकडच्या तुकड्यावर ताईचा भारी जीव. ताप येण्यापूर्वी ती तिथे पळत जात असे. आता त्या चढावर कुबडी घसरे, आणि कुणाच्या पाठीवर बसून जाणे तिला मंजूर नव्हते. "मी काय धान्याचं पोतं आहे?" ती विचारी. वेल्डरला दुकानातून सवड नसे. नांगरणीला माणूस सांगावा, तर तो साऱ्या गावाची कामे उरकून शेवटी यांच्याकडे उगवे. तोवर जमिनीतला ओलावा निघून जाई आणि ढेकळे दगडासारखी होत.

एके दिवशी ताई म्हणाली, "बसून करायचं काम असेल तर मी कुणाला ऐकणार नाही. मला ट्रॅक्टर चालवायचाय."

दोघे तालुक्याला ट्रॅक्टरच्या दुकानात गेले. ही गोष्ट मी वेल्डरच्या तोंडून पुष्कळदा ऐकली आहे. ती सांगताना तो हातातली पक्कड आपटत असे. ताई कुबडी टेकत टेकत एका नव्या ट्रॅक्टरवर चढली. सीटवर बसली. पण क्लचचे पॅडल डाव्या पायाखाली. तिने हाताने पाय उचलून त्यावर ठेवला, वरून दोन्ही हातांनी दाबला, तरी पॅडल तसूभर हलले नाही. दुकानातला विक्रेता हसला. "बाई, हे दोन पायांच्या माणसाचं काम आहे," तो म्हणाला. आजूबाजूचे गिऱ्हाईकही हसले. फुकटचे हसायला कुणाचे काय जाते?

ताई खाली उतरली. वेल्डर एवढेच म्हणाला, "चल ताई. आपला आपण बनवू."

मित्रांनो, माझा जन्म त्या हसण्यातून झाला. म्हणून माझा स्वभाव थोडा कडू असेल तर समजून घ्या.

माझे इंजिन एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचे. गिअरबॉक्स एका छोट्या ट्रकचा, जो पुलाखाली कोसळला होता. मागचा आस बसचा, पुढची चाके हातगाडीची, पत्रा तेलाच्या पिंपांचा, आणि रंग लोकांच्या फाटकांना लावून उरलेला. त्यामुळे मी अर्धा हिरवा, अर्धा निळा आणि एका बाजूला भगभगीत पिवळा होतो. गावाने माझे नाव ठेवले 'बारभाई'. बारभाईची शेती, काय लागेल हाती, असे म्हणून लोक टाळ्या देत. मला त्याचा राग नव्हता. माझे बाप खरोखरच बारा होते.

पण हे बारा तुकडे वेल्डरने कसे जोडले, ते नीट ऐका. त्याने ताईला दुकानाच्या मधोमध एका लाकडी खोक्यावर बसवले. मग खडू घेऊन तो तिच्याभोवती फिरला. "हात कुठवर पोचतो? ताणून नको, आरामात सांग. वाकल्यावर त्रास होतो का? पाय कुठे जातो?" शिंपी माप घेतो तसे त्याने माप घेतले आणि त्या खडूच्या खुणांवर मला बेतला. कारखान्यातला ट्रॅक्टर आधी बनतो आणि माणसाने त्याच्यावर कसेबसे बसायचे असते. माझ्या बाबतीत माणूस आधी बसला होता.

माझ्या इंजिनाची ताकद एका जाड पट्ट्यावरून गिअरबॉक्सकडे जात असे. पट्टा ताणला की मी चालू लागे, सैल पडला की थांबे. हेच क्लचचे काम. ते वेल्डरने ताईच्या डाव्या हाताला दिले. एक लांब लोखंडी दांडा सीटच्या डावीकडून वर आला; तो ओढला की पट्टा सैल पडे, सोडला की ताणला जाई. ताईचा ताठ पाय पुढे येई, त्याला अडू नये म्हणून दांडा दोन ठिकाणी वाकवलेला. पहिल्यांदा तो जड झाला. ताईने तो ओठ आवळून ओढला. वेल्डरने तिच्या ओठांकडे बघितले, दांडा कापला आणि आणखी लांब जोडला. असे करत करत शेवटी तो तीन बोटांनी ओढता येऊ लागला. डावा हात दांड्यावर गेल्यावर स्टिअरिंग एका हाताने फिरावे म्हणून चाकावर एक लाकडी मूठ बसवली. चढायला उजवीकडे जमिनीपासून हातभर उंचीची जादा पायरी, वर पकडायला वाकवलेली सळई. आणि सीटशेजारी नळीचा एक तुकडा उभा जोडला. त्यात ताईची कुबडी राही.

ज्या दिवशी माझे सगळे जुळले, त्या दिवशी वेल्डर हात पुढे करून उभा होता, पण ताईने त्याच्याकडे बघितलेही नाही. पायरी, सळई, सीट. कुबडी नळीत खटकन बसली. तिने दांडा सोडला आणि मी निघालो. घरामागचा तुकडा आम्ही सोडून दिला आणि सरळ टेकाडावर गेलो. वर पोचल्यावर तिने मला थांबवले आणि पलीकडे पडीक पडलेल्या त्या जमिनीकडे ती कितीतरी वेळ बघत बसली. मागे वेल्डर धापा टाकत धावत येत होता. "अगं ताई, ब्रेक तरी बघून घे!" तो ओरडत होता.

पुढची वर्षे माझ्या सुखाची होती. आधी आपली जमीन, मग शेजाऱ्यांची, मग सगळ्यांची. कंपनीचे ट्रॅक्टर महाग आणि नाजूक. मी पडलो बारभाई, मोडलो तर दुकान शेजारीच. जे लोक टाळ्या देऊन हसले होते तेच सकाळी सकाळी दारात येऊन "ड्रायव्हरबाई, आमचं कधी?" असे मऊ आवाजात विचारू लागले. ताई त्यांना जरा ताटकळत ठेवी. ते तिला शोभत असे. ती सरळ तास धरी, नांगराची रेघ कुठे वाकत नसे. बांधाच्या टोकाला वळताना दांडा ओढायचा, मुठीने चाक फिरवायचे, दांडा हळूच सोडायचा, हे तिच्या हाताला इतके बसले होते की तिकडे तिचे लक्षही नसे. मधूनच ती गाणे म्हणे. आवाज बेताचाच होता. माझ्या टुकटुकीत तो झाकला जाई, हे दोघांच्याही सोयीचे होते.

कौतुक मात्र वेल्डरच्या वाट्याला जाई. "काय डोकं आहे राव तुमचं!" लोक म्हणत. वेल्डर म्हणे, "चालवते ताई." लोक ऐकून सोडून देत.

वेल्डरचे लग्न झाले, मुलगा झाला. मुलगा हुशार निघाला, म्हणून लवकरच त्याला शहरात मामाकडे शिकायला ठेवले. तो सुटीत येई तेव्हा शेते कोरडी असत आणि मी ताडपत्रीखाली. त्याने मला कधी चालताना पाहिले असेल तर ते लांबून, धुळीत. ताईचा हा भाचा वाईट नव्हता आणि आजही नाही. वाईट असता तर मला त्याच्यावर धड चिडता तरी आले असते.

आधी वेल्डरची बायको गेली, मग वेल्डर गेला. पाठोपाठ माझ्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. तो जोडणारा हात उरला नव्हता. मला घरामागच्या पडवीत ढकलले. कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली, उंदरांनी पट्टा खाल्ला. ताईची खोली पडवीसमोरच होती. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत म्हातारे झालो. टेकाडापलीकडचे शेत दुसऱ्याला कसायला दिले. ते कसे आहे, बांध शाबूत आहे का, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी. लोक म्हणत, "आहे की, ठीक आहे." एवढ्या उत्तराने काय होते?

मग भाचा शहरातून बायकोसह परत आला. त्याने जुने घर पाडून नवे बांधले. ताईची मागची खोली आणि तिच्यासमोरची पडवी मात्र तशीच ठेवली, कारण ताई हलायला तयार नव्हती. कुठेतरी त्याने जुन्या ट्रॅक्टरांचे प्रदर्शन पाहिले होते. तिथून आल्यावर तो पडवीत आला, माझ्यावरची घाण हाताने पुसली आणि त्याचे डोळे भरून आले. "बाबांच्या हातचा आहे," तो बायकोला म्हणाला. मग ताईच्या दारात जाऊन म्हणाला, "आत्या, बाबांचा ट्रॅक्टर मी पूर्ण नीट करून घेणार. अगदी प्रदर्शनात ठेवण्यासारखा."

"चालेल का तो?" ताईने विचारले.

"चालेल म्हणजे? पळेल! आणि झाला की पहिली तू बसायचं."

"टेकाडावर जाईल?"

"कुठेही जाईल, आत्या."

त्या दिवसापासून ताईत जी धुगधुगी आली ती मी समोरून बघत होतो. मला न्यायला ट्रक यायचा होता, तो आज येतो उद्या येतो करत लांबत गेला. तेवढ्या दिवसांत ताईने एक वीट फडक्यात बांधली, खिडकीच्या गजावरून दोरी टाकली आणि डाव्या हाताने ती ओढायला सुरुवात केली. सूनबाई, म्हणजे भाच्याची बायको, चहा घेऊन आली आणि बघतच राहिली.

"आत्या, हे काय नवीन? या वयात व्यायाम?"

"हात ढिला पडलाय गं. दांडा ओढायला नको का?"

सूनबाईला वाटले म्हातारपणी माणसे असे काहीबाही करतात. ती हसून गेली.

ट्रक आला त्या दिवशी ताईने भाच्याला उभे करून सगळे सांगितले. पट्टा चामड्याचाच घाल, रबरी घसरतो. तेलाची नळी खालून गळते, ती बदल. तिसरा गिअर अडखळतो, त्याला दटावायचे नाही, दोनदा टाकायचा. भाचा मान हलवत होता आणि ट्रकवाल्याला हाताने खुणा करत होता. दांड्याबद्दल ताई एक अक्षर बोलली नाही. का बोलेल? गाडी दुरुस्तीला देताना स्टिअरिंग काढू नका, असे कुणी सांगते का?

मी शहरात एका मोठ्या गॅरेजमध्ये गेलो. तिथला मिस्त्री जुन्या गाड्या नव्या करण्यात नावाजलेला. माणूस कामाचा होता, खोटे कशाला बोलू? त्याने ब्लॉकचा तडा असा भरला की माझे मलाच सापडेना. इंजिन पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा मला वाटले, पुन्हा जन्मलो. दुखणे इंजिनाचे होते, ते बरे झाले होते. तिथेच त्यांनी हात थांबवले असते तर मी आज हे बोलत बसलो नसतो. पण रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी पुढची गत झाली.

भाचा काम बघायला आला तेव्हा मिस्त्री म्हणाला, "साहेब, एक विचारायचं होतं. हा डावीकडे दांडा आहे, दोन ठिकाणी वाकडा. पायाला क्लचच नाही. आणि ही पायरी एकाच बाजूला. हे असंच ठेवायचं?"

भाच्याने दांड्याकडे पाहिले. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ते तेव्हाच उघडले असते.

"बाबांकडे त्या वेळी सामान कुठे होतं हो," तो हळवा होऊन म्हणाला. "पॅडल मिळालं नसेल, मिळाला तो दांडा जोडला. किती अडचणीत केलंय त्यांनी सगळं! तुम्ही असं करा, त्यांच्याकडे सगळं असतं तर त्यांनी जसं केलं असतं, तसं करा."

"मग पायाचा क्लच बसवतो. आणि ही नळी? छत्री ठेवायला असेल का?"

"बहुतेक. बाबांना उन्हाचा त्रास व्हायचा." आणि दोघे हसले, प्रेमाने हसले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ज्याने विचारले त्याला माहीत नव्हते, ज्याने उत्तर दिले त्यालाही माहीत नव्हते, आणि जिला माहीत होते ती घरी वीट ओढत बसली होती. त्यांनी दांडा गॅसने कापला. पायरी कापली, सळई कापली, नळी कापली, स्टिअरिंगवरची मूठ उपटली. मग जोडांच्या खुणांवर ग्राइंडर फिरवला आणि जागा आरशासारखी गुळगुळीत केली. गरिबी समजून त्यांनी माया कापून टाकली. त्यावर लाल रंगाचे तीन हात दिले, आणि बॉनेटवर वेल्डरच्या नावाची पितळी पट्टी ठोकली. कापलेले तुकडे भंगाराच्या गाडीत गेले.

प्रदर्शन एका मोठ्या मैदानात होते. तंबू, खुर्च्या, दोरीने आखलेल्या वाटा. माझ्या दोन्ही बाजूंना कंपन्यांचे जुने ट्रॅक्टर उभे होते, आणि मी त्यांच्यात सहज मिसळून गेलो होतो. एक परीक्षक माझ्याभोवती दोनदा फिरला, वाकून खाली बघितले आणि म्हणाला, "घरी बनवलेला आहे यावर विश्वासच बसत नाही!" भाच्याची छाती फुगली. "माझ्या वडिलांनी बनवला, सर. एकट्याने." आयुष्यभर घरचा म्हणून जगलो आणि घरचा वाटत नाही म्हणून वाखाणला गेलो. आजवर कुणी मला याहून मोठी शिवी दिलेली नाही.

तेवढ्यात सूनबाई ताईला गाडीतून घेऊन आली. ताईने ठेवणीतले लुगडे नेसले होते. कुबडी टेकत ती माझ्यापाशी आली आणि सवयीने उजवीकडे जाऊन पायरी शोधू लागली. पायरी नव्हती. तिने वर हात नेला. सळईही नव्हती. ती जरा थांबली. तिला वाटले असेल, आपणच बाजू चुकलो. मग ती वळसा घालून डावीकडे आली आणि तिचा हात सीटशेजारी, पट्ट्यावर बसवलेल्या जाळीवर, स्टिअरिंगवर चाचपडत फिरला. माझ्या साऱ्या अंगात तो हात ओळखीचा होता आणि त्याला माझ्यात ओळखीचे काहीच सापडत नव्हते.

"आत्या! आलीस?" भाचा धावत आला. "कसा झालाय बघ! चल, तुला बसवतो. म्हणालो होतो ना, पहिली तूच?" त्याने एका मदतनिसाला हाक मारली, आणि ताई काही बोलायच्या आत दोघांनी तिला काखांत धरून उचलले आणि सीटवर ठेवले. फोटोवाला पुढे सरसावला. ताईचा डावा पाय नव्या पॅडलवर जाऊन पडला होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. कुबडी खाली मदतनिसाच्या हातात राहिली होती.

"आजी, स्टिअरिंग धरा ना," फोटोवाला म्हणाला. "चालवताय असं दाखवा. हसा थोडं!"

ताईने हात मांडीवर ठेवले.

"आत्या, धर की. नुसतं धरायचंय."

"दांडा कुठे आहे?" तिने विचारले.

"कुठला दांडा?"

"माझा क्लच."

"अगं, तो वाकडा होय? तो काढला. आता पायाचा बसवलाय, चांगला, कंपनीसारखा—" बोलता बोलता भाच्याची नजर तिच्या पायावर गेली आणि तो थांबला. सूनबाईने तोंडावर हात नेला. "अहो," ती म्हणाली, "त्या वीट ओढत होत्या ना रोज..."

भाचा पांढरा पडला. "आत्या, मला वाटलं बाबा चालवायचे. तू सांगितलं का नाहीस गं?"

"मला काय माहीत, तुला माहीत नाही म्हणून?" ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या बाबांनी मला एकदाही उचलून बसवलं नाही रे. मी चढायची. चल, उतरवा आता मला. माझं मला उतरता येत नाही यावरून."

फोटो निघाला नाही. माझ्या डावीकडच्या ट्रॅक्टरजवळ लोक टाळ्या वाजवत होते आणि मला वाटले, माझे इंजिन पुन्हा तडकावे.

मला पहिले बक्षीस मिळाले. त्याच संध्याकाळी भाच्याने मिस्त्रीला गाठले आणि दांडा परत बसवायला सांगितले. भाच्याला खरेच लाज वाटली होती, याचा मी साक्षीदार आहे. मिस्त्रीने डोके खाजवले. "बसवता येईल, साहेब. पण पुढच्या वर्षीच्या मोठ्या प्रदर्शनात न्यायचंय ना याला? आता जो नोंदला गेलाय तो हा असा. त्याला नंतर दांडाबिंडा जोडला तर म्हणतील, मूळ रूप बिघडवलं. बाद करतील."

ऐकलेत ना मित्रांनो? ज्याने मी बनलो, त्याने आता माझे मूळ रूप बिघडणार होते!

मला घरी आणल्यावर भाचा ताईच्या खोलीत गेला. मी दारासमोर उभा होतो, सगळे ऐकू येत होते. "आत्या, एवढं एक प्रदर्शन होऊ दे. बाबांचं नाव होईल. त्यानंतर लगेच बसवू दांडा, पायरी, सगळं. वचन देतो."

मग ताई म्हणाली, "बघ तुला जमेल तसं." खिडकीच्या गजावरून तिने दोरी सोडवून घेतली आणि वीट बाहेर उकिरड्याकडे भिरकावून दिली.

मोठे प्रदर्शन झाले. तिथेही बक्षीस मिळाले. मग वर्तमानपत्रात माझा फोटो आला, मग कुणीतरी म्हणाले की असा ट्रॅक्टर शेतात घालणे म्हणजे पाप, मग भाच्याला ते पटले, मग हा चौथरा झाला. दांड्याची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही. चौथऱ्यावरून मला घरामागचे दिसत नाही, पण मला पुसताना सूनबाई जे बोलते त्यावरून कळते. भाचा ताईच्या दारावरून जाताना आता जरा भरभर जातो. आंब्याला मोहोर किती आला, असले काही विचारतो आणि उत्तराला थांबत नाही.

गेल्या नांगरणीला टेकाडापलीकडे भाड्याचा ट्रॅक्टर गेला. सूनबाई मुद्दाम त्याच्याबरोबर चालत गेली आणि मोबाईलवर फोटो काढून आणले. ती ताईजवळ बसून एकेक दाखवत होती. हा बांध, ही विहीर, ही नांगरलेली जमीन. ताईने पहिले दोन बघितले. "छान आहे," ती म्हणाली आणि मोबाईल पालथा करून खाटेवर ठेवला. सूनबाई उठून गेली ती पदराने डोळे पुसत.

मित्रांनो, आता माझ्यासारख्याने म्हणायचे असते की जुन्या वस्तू जपा. मी तसे म्हणणार नाही. मला पुरेसे जपले आहे. दर आठवड्याला माझ्यावरून मऊ फडके फिरते. माझे मागणे वेगळे आहे. एखादी वस्तू तुम्हाला वेडीवाकडी दिसली, तर ती सरळ करण्याआधी एवढे विचारा, की ही कुणासाठी वाकवली होती? आणि ते सांगणारे माणूस हयात असेपर्यंतच विचारा.

मला विचारून उपयोग नाही, मी लोखंड. पितळी पट्टीवर एकच नाव आहे, आणि ते अर्धेच उत्तर आहे. पण या घराला वळसा घालून मागे गेलात तर एक जुनी खोली लागेल. दार दिवसभर उघडे असते. आत एक म्हातारी बाई बसलेली असते आणि तिला मी तीन बोटांनी चालत असे. माझ्यापुढे रोज इतकी माणसे येऊन उभी राहतात, मित्रांनो, पण त्या दाराकडे अजून एकही गेलेले नाही.